मीठ बंद

बांबोळीच्या इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात,
बारा नंबरच्या खाटेवर पाटी मीच लावली:
मीठ बंद.
दुर्वांक, वय सहा, गाव आगरवाडा.
डोळे सुजून मिटलेले, पोट तट्ट,
घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा
आणि बराच वेळ तसाच राहायचा.

आलेला डबा मी रोज उघडून बघायचे.
सोमवारी पेजेखाली खारा बांगडा सापडला,
मंगळवारी लोणच्याची फोड, केळीच्या पानात गुंडाळून
उशीच्या अभ्र्यात.
शशी आत्याला मी बोलले. जरा जास्तच बोलले.
ती खाली बघत म्हणाली,
आमच्यात आजारी पोराला अळणी वाढत नाहीत, सिस्टर.
अळणी जेवतात ते सुतकात.

हे मला नर्सिंगच्या पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.
शिकवायची गरजही नव्हती.
वाळपईला बाबा गेले तेव्हा
दहा दिवस आम्हीही तसंच जेवलो होतो.
युनिफॉर्म चढवला की विसरायला होतं.

पास एकाचा, माणसं नऊ.
जिन्यात, झाडाखाली, कँटीनच्या कट्ट्यावर.
डॉक्टर मूत्रपिंडाचं चित्र काढून समजावत होते,
आई नणंदेकडे बघत होती,
बाप दाराकडे.
सही कोण करणार, हे अजून यायचं होतं.

ते आलं गुरुवारी. सगुण आजो,
भर हंगामात आगर टाकून,
पायांच्या भेगांत पांढरं साकळलेलं.
डॉक्टर म्हणाले, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, म्हणून
आणि आजोने वाक्य मध्येच उचललं:
ते आम्हाला नको सांगू, बाबा.
म्हणजे पोराच्या आगरात पाणी अडलंय.
मानस उघडत नाही.

डॉक्टर सोलापूरचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, मानस म्हणजे बांधातलं दार, सर,
भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायचं.
बरोबर समजलेत ते.

मग आजो लेकीला म्हणाला,
घरी सांग, आजपासून चुलीवर मीठ नाही.
कुणालाच नाही.
एकटा जेवला तर ते सुतक.
सगळे जेवलो की पथ्य.

पडवीत मिठाच्या गोणी छपरापर्यंत
आणि ताटात चिमूट नाही,
असं ते घर अठरा दिवस जेवलं.
मी बघायला गेले नव्हते.
आत्या रोज सांगायची, कुणी तोंड वाकडं केलं,
कुणी कसं सोलांवर भागवलं.
दुर्वांकला ऐकून हसू यायचं.
डबा मग मी उघडेनाशी झाले.

एकच मागणं होतं त्यांचं, दिष्ट काढायची.
विस्तव नको, मी म्हटलं, ऑक्सिजन आहे इथे.
मीठ चालेल?
मूठ त्याच्यावरून ओवाळून बेसिनमध्ये सोडणार.
पाटीवर असं काही लिहिलेलं नव्हतं.
मी पडदा ओढला.
बाजूच्या खाटेवरची किटेरिया,
जिचा नवरा बोटीवरून फोनच्या पडद्यात
लेकीचा ताप विचारायचा,
तीही पुटपुटत उभी राहिली,
आणि म्हणाली, माझ्या चेडवाचीपण काढ गे.

लघवीचा हिशोब आत्या ठेवायची,
आगरात टोपल्या मोजतात तशा रेघा,
चार उभ्या, एक आडवी.
माझ्या तक्त्याशी कधी चुकला नाही.
तेराव्या दिवशी मापाची बाटली भरली,
दुसरी मागवावी लागली.
आजो ओरडला-बिरडला नाही.
बाटली उजेडात धरून बघितली,
जसं कुणी पाणी बघतं, मीठ धरेल की नाही ते,
आणि म्हणाला, उघडली.

जाताना मला शेरभर मीठ दिलं, जाड, करडं.
माझं बीपी आहे, हे मी सांगितलं नाही.

श्रावणात लॉकरमधली ती पिशवी पाझरून ओली झाली होती,
त्याच आठवड्यात ते पुन्हा आले.
यावेळी कुणी काही विचारलं नाही.
आजोने पोराच्या चपला काढल्या,
त्याला काट्यावर उभं केलं,
घोट्यावर अंगठा दाबला
आणि खळगा भरून यायची वाट बघत
खाली बसून राहिला.